दिनशॉ माणेकजी पेटिट
सर दिनशॉ माणेकजी पेटिट (३० जून, १८२३ - ५ मे, १९०१) हे मुंबईतील पारशी गिरणीमालक व दानशूर व्यक्ती होते. भारतीय कापडगिरणी उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

प्राण्यांचे रुग्णालय

मुंबईत १८३४ पासून पांजरपोळ होता. तेथे म्हाताऱ्या व निराधार जनावरांना आश्रय मिळे. परंतु आजारी जनावर बरे करण्यासाठी आश्रयाबरोबरच प्रशिक्षित पशुवैद्याची गरज होती. १८८० च्या दशकात पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय असे नाव देण्यात आले. याच आवारात २ ऑगस्ट, १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. रुग्णालयामुळे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्ण पाहून शिकता आले आणि खानदेशासह संपूर्ण मुंबई इलाख्यासाठी पशुवैद्य घडवण्याची सोय झाली.

वारसा

त्या काळी घोडे व बैल हे शहरी वाहतुकीचा आधार होते. आज याच रुग्णालयात पाळीव कुत्र्या-मांजरांवरही उपचार होतात.