समूहस्वरांचे शिल्पकार वसंत देसाई

चित्रपटगीत हे बहुधा गायकाच्या नावाने ओळखले जाते. मात्र काही गीते अशी असतात, की ती कोणा एकाची न राहता साऱ्या समाजाची होतात. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘हमको मन की शक्ति देना’ या प्रार्थना आज देशभरातील शाळांमध्ये म्हटल्या जातात. त्या म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना या दोन्ही प्रार्थनांचे संगीतकार वसंत देसाई यांचे नावही ठाऊक नसते.

देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळनजीकच्या सोनवडे येथे झाला. हा भाग त्या वेळी सावंतवाडी संस्थानात होता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९४८ मध्ये तो रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला. दशावतार आणि भजनाची जुनी परंपरा असलेली ही भूमी. एकाने गावे आणि इतरांनी झेलावे, ही भजनाची रीतच आहे.

तरुण वयात देसाई कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. गोविंदराव टेंबे यांचे संगीत असलेल्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात त्यांना गाण्याची संधी मिळाली. पुढे केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा दिग्गजांचे काम त्यांना प्रभातमध्येच जवळून पाहता आले. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये मुंबईत राजकमल कलामंदिर स्थापन केले, तेव्हा देसाईही त्यांच्यासोबत गेले. ‘शकुंतला’ (१९४३), ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटांनी त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चे (१९५३) संगीतही त्यांचेच.

शास्त्रीय संगीतावर त्यांची दृढ निष्ठा होती. ‘झनक झनक पायल बाजे’साठी (१९५५) त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून अडाणा रागातील शीर्षकगीत गाऊन घेतले, ‘गूंज उठी शहनाई’मध्ये (१९५९) उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई वाजली. ‘पंडितराज जगन्नाथ’सारख्या संगीत नाटकांनाही त्यांनी चाली दिल्या.

असा रागदारीचा जाणकार न शिकलेल्या गळ्यांसाठी चाल बांधू लागतो, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा कैद्यांना माणसात आणू पाहणाऱ्या जेलरचा चित्रपट. त्याला १९५८ मध्ये बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा मान मिळाला. भरत व्यास यांच्या प्रार्थनेला देसाई यांनी दिलेली चाल संथ आणि सुबोध आहे. तीत ताना-हरकतींचा सोस नाही. शब्द स्वच्छ उमटतात आणि सामान्य गळ्यालाही ती पेलते. ‘गुड्डी’तील (१९७१) गुलजार यांच्या प्रार्थनेतही हेच सूत्र दिसते.

हे सूत्र त्यांनी चित्रपटाबाहेरही नेले. ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावले. ग. दि. माडगूळकर यांचे ‘जिंकू किंवा मरू’ हे त्यांनी स्वरबद्ध केलेले गीत चीन युद्धानंतरच्या काळात महाराष्ट्रात घुमले. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या ‘मैत्रीं भजत’ या कांची शंकराचार्यांच्या संस्कृत रचनेची चालही देसाई यांचीच होती. विश्वमैत्रीचा तो संदेश एका कोकणी माणसाच्या स्वररचनेतून जगापुढे गेला.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत राहत्या इमारतीतील लिफ्टच्या अपघातात त्यांचा करुण अंत झाला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. त्यांच्या प्रार्थना मात्र चित्रपटांपासून केव्हाच सुटून शाळाशाळांत पोहोचल्या होत्या. कर्त्याचे नाव विसरले जावे आणि कृती मात्र लोकांच्या ओठी राहावी, हे भाग्य पूर्वी ओवी-अभंगांना लाभले. आधुनिक काळात ते ज्या मोजक्या संगीतकारांच्या वाट्याला आले, त्यांत वसंत देसाई यांचे स्थान वरचे आहे.