आचार्य धर्मानंद कोसंबी यांची धम्मयात्रा



आपल्या जिल्ह्यातील तेरचे त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे संशोधक सांगतात. चैत्य उभे राहिले, पण बुद्धाचे नाव लोकांच्या तोंडून गेले. ते नाव पाली ग्रंथांतून शोधून मराठी घरात परत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शाळा थोडकीच झाली. पुढे घरच्या नारळीच्या बागा पाहाव्या लागल्या. लग्न लहानपणीच झाले होते. वरून सारे ठीक. पण मन मात्र सदा उदास. कशात लक्ष लागेना. घर सोडण्याचे प्रयत्न झाले, तेही फसले. असा मुलगा वर्गात असला तर आम्ही शिक्षक त्याच्या नावापुढे फुली मारून मोकळे होतो! १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या अस्वस्थ मनाला दिशा मिळाली.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. या गोष्टीवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पुढची वर्षे त्या माउलीने कशी काढली असतील, हे आपल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही.

पुण्यास डॉ. भांडारकरांचा आधार मिळाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकले. बुद्धधर्म सापडेल म्हणून पायपीट करीत नेपाळ गाठले, तेथे निराशाच झाली. बोधगयेहून वाट श्रीलंकेकडे वळली. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे त्यांनी दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास सुरू केला. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. भाषा परकी, अन्न परके, खिसा रिकामा. तरी ठिकठिकाणी अनोळखी माणसांनी त्यांना जेवू घातले, शिकविले. ज्याला आपल्याच घरात करमत नव्हते, तो परमुलखात माणसांत राहायला शिकला. शीलाच्या बंधनात आणि ध्यानाच्या नित्य सरावात चित्त हळूहळू स्थिरावले. हे एका रात्रीत झाले नाही.

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरविले आणि संसाराची जबाबदारी पुन्हा अंगावर घेतली. मला त्यांच्या गृहत्यागापेक्षा हे परतणे मोठे वाटते. कलकत्ता विद्यापीठात दरमहा २५० रुपये मिळणार होते. पण महाराष्ट्रात राहून काम करता येईल म्हणून ते सोडून त्यांनी महाराज सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. पुढे हार्वर्डला ‘विशुद्धिमार्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेस जाताना माणिक आणि दामोदर या मुलांना बरोबर नेले. हेच दामोदर पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाले. सामान्य वाचकाला ध्यान कळावे म्हणून त्यांनी १९२५ मध्ये ‘समाधिमार्ग’ लिहिला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले.

विद्वत्तेचा मान मिळाल्यावर ते आरामात बसू शकले असते. त्यांनी १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. गिरणीत राबणाऱ्या, अस्पृश्य म्हणून लोटलेल्या माणसांच्या शेजारी बुद्धाचा विचार नेला. १९५६ च्या कितीतरी आधीची ही गोष्ट!

अखेरीस शरीर आजारांनी जर्जर झाले, तेव्हा सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. तथागतांच्या मध्यम मार्गात हे बसते का, याविषयी माझे मन साशंक आहे. आपण त्याचे अनुकरण करू नये. ज्या ‘विशुद्धिमार्गा’साठी त्यांनी इतकी वर्षे डोळे शिणविले, तो हार्वर्डच्या ग्रंथमालेत १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून सहा वर्षे होती.