तळघरातला कारकून

बँकेच्या नोकरीत मी अडतीस वर्षं काढली आणि त्या धबडग्यातच पाच कादंबऱ्या लिहिल्या. निवृत्त झाल्यापासून भेटणारा प्रत्येक जण हमखास विचारतो की, नोकरी नसती तर आणखी किती लिहिलं असतं? पूर्वी मी ह्यावर हळहळत असे. आता मला दूरच्या अर्जेंटिनातला एक कारकून आठवतो. त्याचं नाव होर्हे लुईस बोर्हेस.

जगाला तो विसाव्या शतकातला एक फार मोठा कथाकार म्हणून ठाऊक आहे. त्याचा जन्म २४ ऑगस्ट १८९९चा, ब्युनोस आयर्स शहरातला. बालपण गेलं ते पालेर्मो ह्या तेव्हाच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत. गुत्त्यांमधून सुरे चालवणारे पुंड तिथे वावरत आणि हा मुलगा मात्र वडिलांच्या पुस्तकांत बुडालेला. आजी इंग्रज, त्यामुळे घरात स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषा. प्राणिसंग्रहालयातल्या वाघासमोरून त्याला हलवणं कठीण जाई. वडिलांची दृष्टी हळूहळू जात होती. तोच वारसा पुढे मुलाकडे आला.

१९१४ साली वडिलांच्या डोळ्यांवरच्या उपचारांसाठी कुटुंब युरोपात गेलं आणि महायुद्धामुळे जिनिव्हात अडकलं. परतल्यावर १९२३ साली त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला, प्रती तीनशे. एका मासिकाच्या कचेरीत येणाऱ्या लोकांच्या टांगलेल्या ओव्हरकोटांच्या खिशांत संपादकाकरवी गुपचूप प्रती सरकवून त्याने तो खपवला! १९३६ साली त्याने मुंबईच्या एका वकिलाच्या कादंबरीचं परीक्षण छापलं. असा वकील नव्हता आणि अशी कादंबरीही नव्हती. पण एका मित्राने ती चक्क लंडनहून मागवायचा प्रयत्न केला.

अशा माणसावर, वय अडतीस झालं तेव्हा, पहिली कायमची नोकरी धरायची वेळ आली. वडील खंगत चालले होते. बोएदो भागातल्या नगरपालिकेच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करायच्या. पंधरा माणसांच्या कामाला पन्नास माणसं होती. ह्याने सुरुवातीलाच भराभर नोंदी केल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी समजावलं की, बाबा रे, असं केलंस तर आमचं पितळ उघडं पडेल. मग तासाभरात काम उरकून तो तळघरात जाई आणि लिहीत-वाचत बसे. इतरांच्या गप्पा घोड्यांच्या शर्यती आणि फुटबॉलच्या. एकाला ज्ञानकोशात बोर्हेस नावाच्या लेखकाची नोंद सापडली. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळतात ह्याचं त्याला नवल वाटलं, पण हाच तो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. दिवाळी अंकात माझी पहिली कथा आली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी राशिभविष्य तेवढं वाचून अंक परत दिला होता. असो.

अर्जेंटिनात माते नावाचं पेय घराघरांत असतं. वाळवलेल्या भोपळ्याच्या लहानशा भांड्यात पत्ती घालायची, वर गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. एकच भांडं सगळ्यांत हातोहात फिरतं. ह्या पत्तीचा किलोभराचा पुडा अधूनमधून वरिष्ठांकडून नोकरांना भेट मिळे. तो घेऊन संध्याकाळी ट्रामकडे चालताना बोर्हेसच्या डोळ्यांत पाणी येई. माझी बढती डावलली गेली, त्या वर्षी दिवाळीच्या मिठाईचा पुडा हातात घेऊन मी बसस्टॉपवर उभा होतो. त्यामुळे हे अश्रू मला समजावून सांगावे लागत नाहीत.

त्याच ट्राममध्ये उभ्या-बसल्या त्याने दान्ते वाचून काढला. १९३८च्या फेब्रुवारीत वडील गेले. डिसेंबरात खिडकीचं तावदान डोक्याला लागून जखम चिघळली आणि तो मरता मरता वाचला. बुद्धी शाबूत आहे की नाही ह्या धास्तीने त्याने नव्याच तऱ्हेची कथा लिहून पाहिली आणि तिथून त्याची खरी वाट सुरू झाली. १९४१ साली लिहिलेलं अनंत दालनांचं ते विश्वव्यापी ग्रंथालय म्हणजे हेच नगरपालिकेचं वाचनालय, अवाढव्य झालेलं.

१९४६ साली पेरॉन सत्तेवर आले. बोर्हेस विरोधातला. त्याला कोंबड्या आणि सशांचा बाजार-निरीक्षक म्हणून नेमण्यात आलं. बदलीची ही भाषा नोकरदारांना वेगळी शिकवावी लागत नाही. त्याने राजीनामा दिला. चार माणसांत बोलायला घाबरणारा हा लाजाळू माणूस पोटासाठी गावोगाव व्याख्यानं देत हिंडला. १९५५ साली पेरॉन पदच्युत झाले आणि तो राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला. लाखो पुस्तकं हाती आली, पण एव्हाना दृष्टी गेली होती. पुढे कित्येक वर्षं म्हाताऱ्या आईने त्याला वाचून दाखवलं, त्याचं सांगितलेलं लिहून घेतलं. १९७५ साली ती ९९ वर्षांची होऊन गेली.

इथेच थांबलो तर हिशेब अपुरा राहील. १९७६ साली लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा बोर्हेस जनरल व्हिडेलाच्या पंगतीला जेवला आणि बाहेर येऊन त्याची स्तुती केली. त्याच वर्षी चिलीच्या पिनोचेतकडून सन्मान घेतला. त्या काळात हजारो माणसं घरांतून उचलली जाऊन नाहीशी होत होती. डोळे गेलेल्या माणसाला हे दिसलं नाही, असं म्हणून मी त्याला सोडणार नाही. त्याला ऐकू येत होतं. मात्र चूक उमगल्यावर त्याने ती झाकली नाही. १९८० साली बेपत्ता लोकांचा ठावठिकाणा मागणाऱ्या निवेदनावर त्याने सही केली. १९८५ साली लष्करशहांवरच्या खटल्यात पंचाऐंशीचा हा आंधळा माणूस न्यायालयात जाऊन बसला, छळातून वाचलेल्याची साक्ष त्याने ऐकली आणि त्यावर लिहिलं. नोबेल त्याला मिळालं नाही. १४ जून १९८६ रोजी तो जिनिव्हात वारला.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता ब्युनोस आयर्सला गेलो. ट्राम कधीच बंद झाल्या आहेत, पण कार्लोस काल्वो रस्त्यावरचं ते वाचनालय आहे. त्याच्या आठवणीसाठी तिथे एक लहानशी खोली जपली आहे. त्या नोकरीतली सुमारे नऊ वर्षं दुःखात गेली, असं तो स्वतः मानत असे. त्याची उत्तम कथा मात्र त्याच वर्षांतली. दुःखाने माणूस लेखक होतो असं नव्हे; तसं असतं तर आमच्या शाखेत वीस कादंबरीकार निघाले असते. उरलेला तास त्याने रोज तळघरात नेला, एवढंच मला दिसतं.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मी मातेचा किलोचा पुडा घेतला. चव कडू, घरात कोणाला आवडली नाही. सौ.ने तो पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवला आहे. नोकरी नसती तर, असं कोणी विचारलं की मी एक घोट करून देतो.