डांबरवाल्याने फसवू नये म्हणून काय बघायचं? या प्रश्नामागे एक मराठी बॅरिस्टर आहे

परभणी जिल्ह्यातला देवगाव फाटा घ्या, नाहीतर तुमच्या ओळखीचा कुठलाही फाटा. फाट्यावर कोणी हॉटेल टाकतं, कोणी गॅरेज टाकतं, कोणी घर बांधतं. मग प्रश्न उरतो तो हमरस्त्यापासून दारापर्यंतच्या तुकड्याचा. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल.

अशा वेळी एक माणूस हमखास दारात येतो. जवळच्या कामावरचं डांबर उरलंय, गाडी उभीच आहे, आजच्या आज अर्ध्या पैशात करून देतो, फक्त रोख द्या, असं त्याचं म्हणणं असतं. संध्याकाळपर्यंत अंगण काळंभोर होतं. पहिल्या पावसात खडी सुटायला लागते, दिवाळीपर्यंत खालची माती वर येते आणि त्या माणसाचा फोन कायमचा बंद होतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. डांबराचा थर किती हवा, खाली काय हवं, उतार किती हवा, हे ठरवतं कोण? ठेकेदार नाही आणि आपणही नाही. भारतात याची मापं इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था ठरवते. सरकारी रस्त्यांच्या अंदाजपत्रकात जो आयआरसी शब्द दिसतो तो हाच. आणि ही संस्था ज्या अहवालातून उभी राहिली, त्या समितीचे अध्यक्ष होते एक मराठी बॅरिस्टर, मुकुंद रामराव जयकर.

वकील माणूस, रस्त्यात कसा आला?

जयकरांचा जन्म 1873 चा. शिक्षण मुंबईत झालं, पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि 1905 पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. पुरावा तपासायचा, साक्षीदाराला बोलतं करायचं आणि मग निष्कर्ष काढायचा, हा त्यांचा पिंड.

1919 मध्ये जालियनवाला बाग हत्याकांड झालं. त्याची चौकशी करायला काँग्रेसने जी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासोबत जयकर होते. पुढे ते मुंबई कायदे कौन्सिलात स्वराज पक्षाचे नेते झाले आणि 1926 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात पोचले.

त्याच काळात रस्त्यांची एक वेगळीच अडचण उभी राहिली होती.

तोवरचे चांगले रस्ते म्हणजे खडीचे रस्ते. ही पद्धत जॉन मॅकाडम या स्कॉटिश माणसाची. बारीक फोडलेली खडी थराथराने दाबायची आणि खालची जमीन कोरडी ठेवायची, हे त्याचं सूत्र. आपल्याकडचे ठेकेदार आजही डब्ल्यूबीएम म्हणतात ना, त्यातला शेवटचा एम म्हणजे हा मॅकाडम.

बैलगाडीच्या काळात ही खडी टिकली. पण पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. वेगात धावणारं रबरी टायर खडीमधली बारीक माती उडवून लावायचं, त्यामुळे खडी मोकळी व्हायची. उरलंसुरलं बैलगाडीच्या लोखंडी धावा फोडायच्या. रस्ते टिकवायला डांबर लागणार होतं आणि डांबराला पैसा. पण 1919 च्या सुधारणांनंतर रस्ते प्रांतांकडे आणि लोकल बोर्डांकडे गेलेले, आणि त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या.

1927 मध्ये सरकारने यावर समिती नेमली. अध्यक्षपद आलं जयकरांकडे. वर्षभरात, 1928 मध्ये अहवाल तयार झाला.

अहवालात होतं काय?

सोप्या भाषेत तीन गोष्टी.

पहिली, रस्ते हा एकट्या गावाचा किंवा प्रांताचा विषय नाही, तो देशाचा विषय आहे.

दुसरी, जो रस्ता वापरतो त्याने त्याचे पैसे द्यावेत. म्हणून पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यावरच खर्च करा. त्यातून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पेट्रोलच्या एका गॅलनमागे दोन आणे त्यात जमा होऊ लागले. आज आपण इंधनावर जो रस्त्यांचा उपकर भरतो, त्याचं मूळ इथे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या फाट्यावरच्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाची. देशभरातल्या इंजिनियरांनी एकत्र बसावं, अनुभव मांडावेत आणि रस्ता कसा बांधायचा याची मापं ठरवावीत. त्यातून 1934 च्या डिसेंबरमध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे 1943 मध्ये मुख्य इंजिनियरांची परिषद आपल्या नागपुरात भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही विभागणी तिथली. रस्त्यांवर संशोधन करणारी दिल्लीची केंद्रीय संस्थाही समितीच्याच शिफारशीतून पुढे आली.

मजा म्हणजे जयकर स्वतः इंजिनियर नव्हते. पण वकील असल्यामुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असणार, ती म्हणजे जे कागदावर नाही ते कोर्टात टिकत नाही. रस्त्याचंही तसंच आहे. माप लिहिलेलं नसेल तर चोरी पकडणार कशी?

तेच माप आपल्या अंगणात

परभणीकडची जमीन काळी. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट डांबर टाकलं तर डांबरही तडकणारच. म्हणून काम करून घेताना हे बघा.

आधी काळी माती खरवडून काढायची, त्यावर मुरूम पसरायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. मग खडीचा थर. डब्ल्यूबीएमचा एक थर दाबून साधारण 75 मिलिमीटर भरतो. जाडी मोजायची ती रोलर फिरल्यानंतर. पसरलेली मोकळी खडी नेहमीच जास्त दिसते.

खडीवरची धूळ झाडून डांबराचा पातळ फवारा मारल्याशिवाय वरचा थर चिकटत नाही. हलक्या गाड्यांच्या गावरस्त्यावर वर 20 मिलिमीटरचं कारपेट आणि त्यावर सीलकोट घालतात. दारात ट्रक येणार असतील तर मधे आणखी जाड थर लागतो. माल गरम असतानाच दाबला पाहिजे, थंड झालेला माल दबत नाही. पावसात किंवा ओल्या खडीवर काम करू द्यायचं नाही.

उतार विसरू नका. एका मीटरला 20 ते 25 मिलिमीटर, आणि पाणी घराकडे न जाता बाहेर गेलं पाहिजे. डांबराचा खरा वैरी पाणीच.

आणि काम सुरू व्हायच्या आधी कागद करा. लांबी, रुंदी, प्रत्येक थराची जाडी, दर आणि किती महिन्यांची हमी, सगळं लिहून सही घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. आधी केलेलं एखादं काम दाखवायला सांगा, तेही दोन पावसाळे खाल्लेलं. उरलेल्या डांबरावर स्वस्तात काम करणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तुमचा रस्ता महामार्गाला जोडणार असेल, तर संबंधित खात्याची परवानगी आधी घ्या.

गावचा सरकारी रस्ता असेल तर हत्यार आणखी धारदार आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अंदाजपत्रक आणि मापपुस्तिका मागता येते. कामाची पाहणी करता येते, इतकंच काय, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो.

जयकरांचं पुढे काय झालं?

1930-31 मध्ये तेजबहादूर सप्रूंसोबत त्यांनी गांधीजी आणि सरकार यांच्यात मध्यस्थी केली. 1937 मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, नंतर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात बसले. घटना समितीतही ते होते. तिथे त्यांनी मुस्लिम लीग येईपर्यंत ध्येयांचा ठराव लांबणीवर टाकावा असं सुचवलं. त्यावर टीका झाली आणि पुढे ते समितीतून बाहेर पडले. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच. 1959 मध्ये ते गेले.

पुण्यात विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून हजारो पोरांनी अभ्यास केला. पण हे जयकर आणि पेट्रोलच्या दोन आण्यांतून रस्ते उभे करणारे जयकर एकच, हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्यामुळे पुढच्या वेळी दारात डांबराची गाडी उभी राहिली, तर दर विचारायच्या आधी थराची जाडी विचारा. समोरचा गडबडला, तर काय समजायचं ते समजून घ्या.