पुण्याची वीस इंची दुर्बीण

चंदनसारच्या गच्चीवरून मी एनजीसी ८९१ ही कडेने दिसणारी सर्पिल दीर्घिका टिपायला बसतो, पण विरारच्या उजेडात सगळं धुरकट! तेव्हा आठवतात प्रा. कावसजी नायगमवाला (१८५७–१९३८). पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या सीओईपीत, त्यांनी भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. दुर्बीण ग्रब कंपनीची, वीस इंची; तेव्हा भारतात सर्वांत मोठी. तेवढ्याच ग्रब दुर्बिणीने आयझॅक रॉबर्ट्स या हौशी वेल्श माणसाने १८८८ मध्ये देवयानीचा फोटो काढला होता. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला, १८९८ चं खग्रास ग्रहण जेऊरला जाऊन पाहिलं. १९१२ ला ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद! दुर्बीण गेली कोडाईकनालला. दुसरा माणूस तयारच केला नव्हता, हे मला आजही खटकतं.