रॉबर्ट बॉश: गाडीच्या दिव्यामागचा मिस्त्री

घरातलं ड्रिल मशीन, गाडीचा वायपर, बाईकचा स्पार्क प्लग, यातल्या कशावर तरी तुम्ही एक लोगो नक्की पाहिला असेल. एक गोल आणि त्याच्या आत इंग्रजी एचसारखं काहीतरी. ते अक्षर नाही. कंपनीचं नाव तर बॉश, मग एच कुठून येईल? ते मॅग्नेटो नावाच्या यंत्रातलं आर्मेचर आहे, समोरून पाहिल्यावर दिसतं तसं. १९१८ मध्ये गॉटलोब होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने ते चित्र काढलं आणि आजवर तेच चालू आहे.

हेडलाईटचा बल्ब घरी बदलता येतो का, हे मला बरेच जण विचारतात. येतो. पण आजकालच्या गाड्यांत तिथवर हात पोचत नाही, ही खरी अडचण. ती समजून घ्यायची तर या लोगोवाल्या माणसाची गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणून आज आधी त्याची गोष्ट सांगतो आणि मधेच बल्बही बदलून घेऊ.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांतला हा अकरावा. वडिलांची शेती आणि खानावळ होती, खाऊनपिऊन सुखी घर. शाळेत पोरगा काही फार चमकला नाही. वडिलांच्या सांगण्यावरून तो बारीक यंत्रकाम शिकायला एका कारागिराकडे राहिला, पण ते शिक्षण त्याला पुढे आयुष्यभर अपुरं वाटत राहिलं. मग त्याने तेच केलं जे आपल्याकडची आयटीआय झालेली मुलं करतात. एका ठिकाणी न थांबता कंपन्या बदलत शिकत गेला. १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या वर्तुळातल्या कारखान्यांत काम केलं. तिथून इंग्लंड, सीमेन्स ब्रदर्सकडे. विजेचं काम नवीन होतं, आणि ते ज्याला येईल त्याला मागणी होती.

१५ नोव्हेंबर १८८६ ला बॉश यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप उघडलं. वडिलांच्या वारशातले १०,००० मार्क, एक कारागीर आणि निरोप-सामान पोचवणारा एक पोरगा, एवढंच भांडवल. टेलिफोन बसवून दे, घरातली बेल नीट कर, कुणाला विजेचं काहीतरी जोडून दे, असली कामं. सोप्या शब्दांत सांगायचं तर चौकातलं वायरमनचं दुकान. कामगारांनी गिऱ्हाइकाकडे काम कसं केलंय ते बघायला ते स्वतः सायकल मारत जायचे. पहिली काही वर्षं फार ओढाताणीची गेली. एकदा तर बहुतेक कामगारांना घरी पाठवावं लागलं.

त्याच १८८६ सालच्या जानेवारीत कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं होतं. पण बॉश गाडीच्या मागे नव्हते. १८८७ मध्ये एका छोट्या यंत्र बनवणाऱ्याने त्यांना एका जागी बसवायच्या इंजिनासाठी मॅग्नेटो करून मागितला.

आता हा मॅग्नेटो म्हणजे काय? इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. त्या काळात कुणी इंजिनाच्या बाहेर ज्योत पेटती ठेवून एक नळी लालबुंद करायचे, कुणी बॅटरी वापरायचे आणि ती वाटेत उतरायची. मॅग्नेटोत लोहचुंबकाच्या मधोमध तारेचं वेटोळं हलतं आणि त्यातून वीज तयार होते. बॅटरीच नको. इंजिन फिरतंय तोवर ठिणगी आहे. आपल्या जुन्या स्कूटर-मोपेडमध्ये ‘मॅग्नेट कॉईल गेली’ म्हणतात ना, तेच हे खानदान. स्कूटर जोरात रेस केली की हेडलाईट उजळायचा आणि रेस सोडली की मलूल व्हायचा, त्यामागेही हेच कारण. दिव्याला थेट मॅग्नेटोचीच वीज.

बॉश यांनी मॅग्नेटोचा शोध लावला नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. त्यांनी आधीचा मॅग्नेटो पाहिला, सुधारला आणि विश्वास ठेवता येईल असा बनवला. इंटरनेटवर प्रत्येक गोष्टीचा ‘जनक’ शोधायची सवय लागलीये आपल्याला, पण गाड्या रस्त्यावर चालल्या त्या अशा सुधारणाऱ्यांमुळे. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांच्यासाठी मॅग्नेटो पहिल्यांदा गाडीवर बसवला गेला, द दिओं-बूतों कंपनीच्या तीन चाकी गाडीवर. तिचं इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे घ्यायचं. तेवढ्या वेगाला जुना मॅग्नेटो पुरा पडेना. तोडगा बॉशच्या कारखान्यातल्या आर्नोल्ड झेरिंगर या फोरमनने काढला. आणि १९०२ मध्ये होनोल्डने, जो आधी याच वर्कशॉपमध्ये शिकाऊ होता, जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. इथून पैसा यायला लागला. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला आणि त्याच वर्षी बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. इतर कारखानदारांना ते आवडलं नाही. त्यांना ‘लाल बॉश’ म्हणायचे. तरीही १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला, आणि तो त्यांना फार लागला.

त्याच १९१३ सालात आपला दिवा येतो.

तोवर गाड्यांना बहुधा ॲसिटिलीन गॅसचे दिवे असायचे. कार्बाईडचे खडे, त्यावर थेंब थेंब पाणी, गॅस निघतो, तो काडीने पेटवायचा. आंबे पिकवायला चोरून वापरतात ते हेच कार्बाईड. पावसात, वाऱ्यात रस्त्यावर उतरून काडी ओढायची, कल्पना करा. बॉशच्या कंपनीने हेडलाईट, डायनामो, बॅटरी आणि रेग्युलेटर असा पूर्ण संच विकायला काढला. नाव साधं, ‘बॉश लाईट’. जगात पहिला नव्हे. अमेरिकेत कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत विजेचे दिवे आणि सेल्फ स्टार्टर आले होते. पण या संचातली मांडणी आजही तुमच्या गाडीत जवळजवळ तशीच आहे. इंजिन बंद असताना दिव्याला बॅटरी वीज देते, चालू असताना डायनामो देतो आणि बॅटरीही भरतो. वेग वाढला तर डायनामोची वीज वाढून बल्ब उडेल, म्हणून मधे रेग्युलेटर. फक्त डायनामोच्या जागी आता अल्टरनेटर आलाय.

यातली गंमत बघा. दिव्यासाठी गाडीत बॅटरी आली. बॅटरी आली म्हटल्यावर ठिणगीसाठीही तीच वापरता येते, महागडा मॅग्नेटो कशाला? म्हणजे ज्या वस्तूवर कंपनी उभी होती तिच्याच मुळावर हा दिवा आला. बॉश यांनी तो तरीही विकला आणि १९२५ मध्ये स्वतःच बॅटरीवरचं इग्निशनही बाजारात आणलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात धाडसी निर्णय, मॅग्नेटोपेक्षाही.

त्या काळी हेडलाईट गाडीच्या पुढे उघडे उभे असायचे. पुढची काच बाजूला केली की बल्ब हातात. आज तोच दिवा बंपर, बॅटरी आणि फिल्टरच्या डब्यामागे दडलाय. बॉनेटखाली जागा कमी, पुढचा आकार निमुळता, आणि कारखान्यात हेडलाईट समोरून बसवला की काम झालं. मागून हात जाईल का हा विचार नंतरचा. युनायटेड नेशन्सच्या ४८ नंबरच्या नियमात मात्र स्पष्ट आहे की साधा बदलता येणारा बल्ब गाडीसोबत दिलेल्या अवजारांखेरीज खास अवजार न वापरता बदलता आला पाहिजे, आणि तो कसा बदलायचा हे कंपनीने लिहून दिलं पाहिजे. म्हणून पहिलं काम, गाडीचं मॅन्युअल उघडा. पीडीएफ मोबाईलवरही चालेल.

माझ्या हॅचबॅकमध्ये डावा बल्ब बॅटरीच्या मागे आहे. इंजिन बंद, चावी बाहेर, दिवा पूर्ण गार होऊ दिला. बॅटरी सरकवायची तर आधी निगेटिव्हची तार सोडायची, परत जोडताना ती शेवटी. काही गाड्यांत वाट चाकाच्या बाजूने असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून मडगार्डच्या आतलं प्लास्टिक थोडं सोडायचं. मग डोळ्याने दिसत नाही तिथे मोबाईल घाला. फ्लॅश लावून व्हिडिओ काढा आणि तारेची क्लिप कुठून दाबायची ते बाहेर बसून बघा. हाताने चाचपडत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. कनेक्टर ओढताना वायर धरू नका, प्लास्टिक धरा. रबरी टोपी काढा, क्लिप दाबून बाजूला करा, बल्ब बाहेर.

नवीन एच४ बल्ब हाताळताना काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसा. या बल्बला तीन कान असतात आणि ते एकाच बाजूने बसतात, कारण आतली तार आरशासमोर मिलिमीटरच्या हिशोबात नेमक्या जागी हवी. वाकडा बसला तर समोरच्याचे डोळे दिपणार. रबरी टोपी नीट बसवा, नाहीतर पावसाळ्यात आत वाफ धरेल. शेवटी भिंतीवर प्रकाश पाडून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघा.

आणि कृपा करून ‘१०० वॅटवाला टाका, मस्त उजेड पडतो’ हे ऐकू नका. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८.३. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त. होल्डर वितळलेल्या गाड्या गॅरेजवाल्यांनी भरपूर पाहिल्यात. झेनॉन दिवा असेल तर तो घरी उघडूच नका, तिथे जीवघेणा व्होल्टेज असतो. आणि सीलबंद एलईडी असेल तर बदलायला बल्बच नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं. बिल बघून घाम फुटतो.

परत बॉश यांच्याकडे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या कारखान्यांना लष्करी कामातून प्रचंड नफा झाला. तो खिशात घालणं त्यांना पटेना, म्हणून कोट्यवधी मार्क त्यांनी सार्वजनिक कामांना दिले. त्याच युद्धात अमेरिकेने तिथली त्यांची मालमत्ता जप्त केली. १९२१ मध्ये त्यांचा मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने गेला. धंदा ज्याच्या हाती द्यायचा तोच गेला.

त्याच १९२१ साली हॅम्बुर्गमध्ये पहिली ‘बॉश सर्व्हिस’ सुरू झाली. गाडी कुठल्याही कंपनीची असो, तिच्यातलं विजेचं काम तिथे शिकलेले मिस्त्री करून द्यायचे. पुढे असे वर्कशॉप देशोदेशी निघाले. याच काळात हॉर्न आला, १९२६ मध्ये वायपर, १९२७ मध्ये डिझेलचा पंप, १९२८ मध्ये इंडिकेटर. तो इंडिकेटर म्हणजे गाडीच्या बाजूने बाहेर येणारा छोटा हात असायचा.

हिटलरच्या काळाबद्दल गुळगुळीत लिहिणार नाही. बॉशच्या कारखान्यांत युद्धाचं सामान बनलं आणि पकडून आणलेल्या हजारो माणसांकडून सक्तीने काम करवून घेतलं गेलं. दुसरीकडे बॉश यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी कार्ल ग्योर्डेलर यांना कंपनीत सल्लागार म्हणून ठेवलं. हिटलरविरुद्धच्या कटाबद्दल ग्योर्डेलर यांना १९४५ मध्ये मृत्युदंड झाला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

१२ मार्च १९४२ ला, ८० व्या वर्षी बॉश वारले. ज्या सरकारचा त्यांना तिटकारा होता त्यानेच त्यांचा सरकारी इतमामाने अंत्यविधी केला. मृत्यूपूर्वी दोन वर्षं त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःच्या पैशातून मोठं हॉस्पिटल उघडलं होतं. नफा लोकोपयोगी कामाला जावा, ही इच्छा त्यांनी मृत्युपत्रात मांडून ठेवली होती. त्यानुसार १९६४ मध्ये कंपनीचा मोठा हिस्सा एका सार्वजनिक संस्थेकडे गेला, आणि आजही ९० टक्क्यांहून जास्त भांडवल तिच्याकडेच आहे.

आपल्याकडे १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, थोडक्यात मायको. २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड. तिचा नाशिकच्या सातपूरचा कारखाना डिझेल इंजिनाचे भाग बनवतो, आणि कंपनीचं नाव बदललं तरी नाशिकमध्ये रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘मायको सर्कल’च.