फिलिप हेन्री गॉस : काचेच्या पेटींतील समुद्र

ज्यांच्या घरीं खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय आहे, त्यांस एक अनुभव बहुधा आला असेल. दिवसां पेटींत मासे, प्रवाळ व दगड यांवांचून कांहीं दिसत नाहीं. परंतु रात्रीं दिवा घेऊन पाहावें, तों दगडाच्या फटींतून केसाळ अंगाचा एखादा अनोळखी कृमि वळवळत बाहेर आलेला! तो कोण, उपद्रवी कीं निरुपद्रवी, हें न कळल्यानें मन घाबरें होतें व हात चिमट्याकडे जातो. अशा वेळीं काय करावें, हें ज्यांच्या चरित्रापासून शिकावें, असे गृहस्थ फिलिप हेन्री गॉस हे होत.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजीं इंग्लंडांतील वूस्टर येथें झाला. बालपण पूल या बंदरांत गेलें. वडील गांवोगांव हिंडून लहान आकाराचीं व्यक्तिचित्रें काढीत. घरीं पैशांची सदा ओढाताण असे. १८२७ सालीं गॉस न्यूफाउंडलंडांत एका पेढीवर कारकून म्हणून गेले. तेथें १८३२ सालीं सूक्ष्मदर्शकावरील एक जुनें पुस्तक त्यांच्या हातीं आलें, आणि सृष्टिनिरीक्षण हाच त्यांचा ध्यास झाला. पुढें कॅनडांत शेती केली, ती फसली. अलाबामांत शाळामास्तरकी केली. १८३९ सालीं ते मायदेशीं परतले.

१८५२ सालीं प्रकृति ढासळल्यामुळें ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीनंतर खडकांतील डबक्यांत जें जग उघडें पडतें, तें त्यांनीं काचेच्या भांड्यांत घरीं आणिलें. पाण्यांत जिवंत शेवाळ ठेविलें व त्यावर उजेड पडूं दिला, म्हणजे त्यापासून प्राण्यांस प्राणवायु मिळतो, हें त्यांनीं प्रयोगानें पाहिलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, त्यासाठीं त्यांनीं प्राणी पुरविले. १८५४ सालीं त्यांचा ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, व तो शब्द घरोघरीं रुळला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं क्षारांपासून खारें पाणी करण्याची कृतीही त्यांनीं दिली.

पेटी केवळ दिवसां पाहणाऱ्यास ती अर्धीच कळते, हें गॉस जाणून होते. रात्रीं मेणबत्ती नेली असतां कोळंबीचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकतात, व दिवसां दडून बसलेले जीव संचार करितात. कृमींची गोष्ट अशीच आहे. कोणी चुन्याची नळी बांधून तींत राहतो, पिसाऱ्यासारखा तुरा बाहेर काढतो, आणि सावली पडतांच आंत शिरून नळीचें तोंड बुचानें बंद करितो. कोणी अंगावर राठ केसांचे झुबके घेऊन रात्रीं उरलेलें अन्न वेंचीत फिरतो. त्यास उघड्या हातानें धरल्यास केस बोटांत रुततात, पण पेटी स्वच्छ राखण्यास त्याचें साहाय्यच होतें. थोडे मात्र प्रवाळास किंवा शिंपल्यास खातात. म्हणून डोकें, केस, नळी व चाल हीं नीट पाहून मगच निवाडा करावा. सामान्य मनुष्यास अशी ओळख पटावी, यासाठीं गॉस यांनीं १८५५-५६ सालीं समुद्रजीवांवर शेंकडों आकृत्यांचें दोन भागांचें पुस्तक रचिलें.

१८५७ सालीं त्यांची पत्नी एमिली कर्करोगानें वारली. त्याच वर्षीं भूगर्भशास्त्र व सृष्ट्युत्पत्तीची कथा यांचा मेळ घालणारा त्यांचा ग्रंथ विद्वानांनीं व धर्मोपदेशकांनींही नाकारला. लहान पुत्र एडमंड यास घेऊन ते डेव्हनच्या किनाऱ्याकडे वळले, आणि समुद्रपुष्पांवरील आपला मोठा ग्रंथ त्यांनीं १८६० सालीं पुरा केला.

परंतु सर्वांत कठीण दुःख निराळेंच होतें. त्यांचीं पुस्तकें वाचून हौशी लोकांच्या झुंडी टोपल्या व जाळीं घेऊन किनाऱ्यावर लोटल्या, आणि युगानुयुगें भरलेलीं तीं डबकीं ओरबाडून रिकामीं झालीं. ज्यांच्या प्रेमानें हें वेड पसरलें, त्यांसच तो उजाडपणा पाहावा लागला. पित्याची ही खंत एडमंड यांनीं पुढें १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केली आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं गॉस निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, या चरित्रापासून आम्हांस दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. अनोळखी जीवास शत्रु ठरविण्यापूर्वीं दिवा घेऊन त्यास चार रात्री पाहावें. आणि किनाऱ्यावर दगड उलटलाच, तर खालचा जीव पाहून झाल्यावर तो दगड होता तसा हळूच पुन्हां ठेवावा.